सरांचा हात

(स्थळ: एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथप्रकाशन विभागातील संपादकाची खोली. वेळ: मोठ्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीची पाने छपाईला जाण्याचा दिवस, दुपारचे तीन. पात्रे: संपादक; त्याची वर्गमैत्रीण डॉक्टरबाई; आणि सर, दोघांचे गुरू व या पाठ्यपुस्तकाचे मूळ कर्ते, जे थोड्या वेळाने येतील.)

संपादक : हे बघ, वाक्य चुकीचं आहे असं मी म्हणतच नाहीये.

डॉक्टरबाई : मग छाप.

संपादक : बरोबर आहे एवढ्यावर वाक्य छापलं जात नाही, शाई. त्याला संदर्भ लागतो.

डॉक्टरबाई : दिलाय. खाली तळटिपेत, वर्ष-पानासकट.

संपादक : तुझाच.

डॉक्टरबाई : ज्यानं काम केलं त्याचाच देतात ना? की आता शेजाऱ्याचा द्यायचा?

संपादक : तो जिल्हा रुग्णालयाच्या वार्षिकातला आहे गं. मंडळाचा नियम तुला माहीत आहे. लेख मान्यताप्राप्त नियतकालिकातला असेल तर संदर्भ धरायचा. नाहीतर वाक्य गळतं. मी नाही काढत. ते आपोआप गळतं.

डॉक्टरबाई : केसासारखं.

संपादक : चहा सांगू?

डॉक्टरबाई : नको. वाक्य वाच. मोठ्यानं.

संपादक : वाचलंय की मी.

डॉक्टरबाई : चाळलंयस. कॉलेजातही तू चाळायचास आणि पास व्हायचास. वाच.

संपादक : बरं बाई. "काळ्या कातडीच्या रुग्णात शय्याव्रणाची सुरुवात लालीवरून कळत नाही, तेव्हा दाबाच्या जागी मळहात, म्हणजे हाताची मागची बाजू, टेकवून ऊब शोधावी. मात्र तीच जागा आजूबाजूच्या कातडीपेक्षा गार लागली, तर ती निर्धोक समजू नये. आतील मांस मरू लागल्याची ती खूण असते, व अशा रुग्णाकडे इतरांच्या आधी पाहावे." झालं?

डॉक्टरबाई : यातलं ऊब शोधायचं पुस्तकात आधीपासून आहे.

संपादक : कित्येक आवृत्त्या आहे. संदर्भ, सर. सगळ्या वॉर्डांत त्याला 'सरांचा हात' म्हणतात. सकाळच्या फेरीला सिस्टर विचारते, "सरांचा हात लावला का?"

डॉक्टरबाई : आणि गारव्याचं नाही.

संपादक : नाही, कारण सरांनी ते कुठं लिहिलेलंच नाही.

डॉक्टरबाई : मी लिहिलंय. उबेचंही पहिल्यांदा मीच लिहिलं. दोन्ही त्या एकाच लेखात. ऊब पानाच्या तळाशी, गारवा पान उलटल्यावर. सरांनी माझा लेख वाचला, ऊब उचलली, आणि पान उलटलं नाही. त्यांच्यानंतर कुणाला माझं पान उघडायची गरजच पडली नाही. सगळ्यांनी सरांचं उघडलं.

संपादक : तू तेव्हाच तो लेख एखाद्या मोठ्या ठिकाणी द्यायचा होतास.

डॉक्टरबाई : दिला होता. परत आला. "अभ्यास एकाच समाजापुरता मर्यादित असल्याने सर्वसाधारण वाचकास उपयुक्त नाही." त्याच अंकात शय्याव्रणावर एक लेख होता, सगळे रुग्ण गोरे. त्याचं शीर्षक काय होतं सांगू? 'मानवी त्वचेवरील दाबाचे परिणाम.'

संपादक : तो काळच तसा होता.

डॉक्टरबाई : काळ नव्हता तसा. संपादक होता. काळाला सही करता येत नाही.

संपादक : माझ्यावर नको घसरूस. नवा लेख लिही म्हणून मागे लागलो तो मीच. लिहिलास ना? तो आला असता तर आज हा प्रश्नच नव्हता.

डॉक्टरबाई : तोही परत आला. गेल्या आठवड्यात.

संपादक : बोलली नाहीस ते! काय म्हणाले परीक्षक?

डॉक्टरबाई : पाठ झालंय. "लेखिकेला सरांची स्पर्शपरीक्षा नीट समजलेली दिसत नाही. तिने सरांचा मूळ लेख वाचावा."

संपादक : अरे देवा.

डॉक्टरबाई : थांब, पुढं आहे. "लेखिका आपल्याच एका अप्रसिद्ध लेखाचा वारंवार हवाला देते, ही आत्मप्रौढी टाळावी. काही ठिकाणी सूर भावनिक झाला आहे."

संपादक : सर तर पानापानावर स्वतःचेच हवाले देतात.

डॉक्टरबाई : सर देतात ती परंपरा. मी देते ती प्रौढी.

संपादक : हसू नको आणूस, मला आधीच कसंतरी होतंय.

डॉक्टरबाई : तुझाही एक लेख आला ना मागच्या वर्षी? खाली भली मोठी संदर्भांची रांग होती. त्यात बायका किती?

संपादक : आता ते कोण मोजतं?

डॉक्टरबाई : मी मोजल्या. एक. तुझी बायको.

संपादक : तिचं काम चांगलं आहे!

डॉक्टरबाई : चांगलंच आहे. पण ती तुझ्या घरात राहते म्हणून तुला कळलं. बाकीच्यांनी काय करावं, तुझ्याशी लग्न?

संपादक : अगं, माणूस जे वाचतो त्याचाच संदर्भ देणार ना?

डॉक्टरबाई : आणि वाचतो कुणाला?

संपादक : ज्यांचा... ज्यांचे संदर्भ दिसतात त्यांना.

डॉक्टरबाई : घे आता चहा. मीही घेईन.

संपादक : एक विचारू का? रागावू नकोस. इतकी वर्षं तू गप्प होतीस. सरांच्या सत्काराला तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास, मी शेजारीच होतो. आज एकाएकी काय झालं?

डॉक्टरबाई : मावशी गेली.

संपादक : तुझी? तुला वाढवलं ती? कधी? मला कळवायचंस तरी.

डॉक्टरबाई : खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. मी परगावी होते, पोचायला वेळ लागला. पोचल्यावर पहिल्यांदा तिला कुशीवर केलं आणि माकडहाडावर हात टेकवला. फरशीसारखं गार. वॉर्डातल्या पोराला हाक मारली. पोरगा चांगला होता, नम्र, टापटीप. म्हणाला, "बाई, आम्ही रोज सरांचा हात लावतो. ऊब नाहीये, म्हणजे काळजी नाही." मी म्हटलं, गार आहे म्हणूनच काळजी आहे. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हे तुमचं पुस्तक आणून दाखवलं. "यात गारव्याचं काही नाही हो बाई."

संपादक : तू सांगितलं नाहीस त्याला? की हे मुळात माझंच...

डॉक्टरबाई : सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की दुःखात माणूस काहीही बोलतो. काळी म्हणून लाली दिसली नाही. गार म्हणून ऊब लागली नाही. पुस्तकाप्रमाणे मावशी ठणठणीत होती.

संपादक : म्हणून आलीस तू.

डॉक्टरबाई : नाव हवंय म्हणून मी आले नाही, असं म्हणणार नाही. नाव हवंच आहे. पण नाव बाजूला ठेव. त्या पोराच्या हातात हे पुस्तक आहे. उद्या नव्या पोरांच्या हातात नवी आवृत्ती जाईल. ते वाक्य त्यात पाहिजे.

संपादक : एक वाट आहे. तुला आवडणार नाही.

डॉक्टरबाई : बोल.

संपादक : नियमाला एक अपवाद आहे. 'व्यक्तिगत संवाद'. मंडळावरच्या कुणी अनुभवाच्या आधारे एखादी गोष्ट तोंडी सांगितली आणि पानावर सही केली, तर लेख नसला तरी ती संदर्भ म्हणून चालते.

डॉक्टरबाई : मी तुझ्यासमोर बसून तासभर बोलतेय. हा संवाद नाही? की पुरेसा व्यक्तिगत नाही?

संपादक : मंडळावरच्या व्यक्तीचा लागतो.

डॉक्टरबाई : मंडळावर कोण कोण आहे?

संपादक : तू ओळखतेस सगळ्यांना.

डॉक्टरबाई : मी ओळखते. त्यांतला माझ्या रंगाचा एक सांग. बरं, रंग सोड, एक बाई सांग.

संपादक : मागं एक होत्या. निवृत्त झाल्या.

डॉक्टरबाई : मग कुणाची सही घेणार आहेस?

संपादक : सर येताहेत आत्ता. प्रस्तावनेची पानं आधीच छापून झालीत, तो फर्मा बघायला. त्यांनी एक सही केली की वाक्य आत. तेवढंच एक राहिलंय बघ या प्रकरणात. बाकी प्रत्येक वाक्यावर तपासनिसाचा शेरा झालाय. 'वाक्य बरोबर, संदर्भ बरोबर.' ओळीनं.

डॉक्टरबाई : म्हणजे उबेसारखा गारवाही सरांचा.

संपादक : पण आत येईल, शाई.

डॉक्टरबाई : शाई म्हणू नकोस मला.

संपादक : अगं, प्रेमानं म्हणतो. कॉलेजपासून म्हणतो.

डॉक्टरबाई : माहितेय. सरांनी हजेरी घेताना पाडलेलं नाव. अख्ख्या वर्गात रंगावरून एकीचंच नाव पडलं. तुला कुणी खडू म्हटलं नाही.

सर : वा, वा! जिन्यात असतानाच आवाज ऐकू येत होते. म्हटलं, या खोलीत पुस्तकं छापतात की फोडणीला टाकतात? आणि काय रे, गुरूला तीन जिने चढवून आणणं ही गुरुदक्षिणा की सूड?

संपादक : लिफ्ट आजच बंद पडली, सर. या, या. इथं बसा, ही खुर्ची बरी आहे.

सर : बरी आहे ती तू घे, मला टणक दे, पाठीचं दुखणं माझं आहे. आणि या बाई... अरे! शाई! तूच ना? केस पांढरे झाले तरी डोळे तेच. किती आनंद झाला म्हणून सांगू! कुठं असतेस?

डॉक्टरबाई : जिल्हा रुग्णालयातच, सर. अजून.

सर : उत्तम. तिथंच खरं वैद्यक आहे. आम्ही इथं बसून केवळ वाक्यं घासतो. काय रे, प्रस्तावना आली का? 'तथापि' हा शब्द दोनदा आला होता, तो एकदा कर म्हणून सांगितलं होतं.

संपादक : केला, सर. हा घ्या फर्मा. आणि सर, शय्याव्रणाच्या प्रकरणात एक छोटीशी भर आहे. तुमच्या परीक्षेच्या संदर्भात. त्यावर तुमची सही लागेल.

सर : माझ्या परीक्षेत भर? पाहू. "गार लागली, तर ती निर्धोक समजू नये..." हं. युक्त आहे. रक्तच पोचेनासं झालं की ऊब कुठली राहणार? अगदी युक्त आहे. हे कुणी सुचवलं?

डॉक्टरबाई : सर, ती परीक्षा तुम्हाला कशी सुचली, ते एकदा सांगाल? तुम्ही व्याख्यानात सांगता तसं.

सर : पुन्हा? सगळ्यांनी ऐकलंय ते.

डॉक्टरबाई : मला ऐकायचंय.

सर : ऐक तर. तुमच्याच वेळची गोष्ट असावी. मी वॉर्डात फेरी घेत होतो. एका वृद्धेची पाठ पाहून मी म्हटलं, "निर्मळ आहे, पुढे चला." तेव्हा बाजूला एक परिचारिका उभी होती, काळी, अबोल, त्या लोकांत असते तशी एक उपजत समज असलेली. ती हळूच म्हणाली, "सर, दिसतं तसं नाही. हात लावून पाहा." मी हात लावला, आणि क्षणार्धात मला कळलं की आपण आजवर डोळ्यांनी वैद्यक केलं, हातांनी केलंच नाही. मी नेहमी सांगतो, ज्ञान कुणाच्याही मुखातून येऊ शकतं. ते ऐकण्याइतकं नम्र मात्र आपण असावं लागतं.

डॉक्टरबाई : ती पुढं काय म्हणाली?

सर : पुढं? एवढंच.

डॉक्टरबाई : पुढं ती म्हणाली, "आणि सर, ही टाच बघा. ही गार आहे. ही जास्त वाईट."

सर : असं कुणी म्हटल्याचं मला स्मरत नाही.

डॉक्टरबाई : तुम्ही तोवर पुढच्या खाटेकडं गेला होतात.

सर : तू होतीस तिथं?

डॉक्टरबाई : ती परिचारिका कशावरून, सर?

सर : कशावरून म्हणजे? परिचारिकाच होती. पांढऱ्या कपड्यांत होती.

डॉक्टरबाई : कोट होता तो. खिशात तुमच्याच फेरीच्या चिठ्ठ्या होत्या. गळ्यात स्टेथोस्कोप होता.

सर : म्हणजे तुला असं सुचवायचं आहे की...

डॉक्टरबाई : सुचवत नाही, सांगतेय. मी होते. तुमची विद्यार्थिनी. त्या दिवसानंतर वर्षभर पाठी पालथ्या केल्या, हात लावला, लिहून काढलं, वार्षिकात छापलं, आणि पहिली प्रत तुम्हाला आणून दिली. तुम्ही म्हणालात, "शाबास शाई."

सर : हे पाहा, माझं वय झालं आहे; परंतु इतकं झालेलं नाही. तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. मी तो किती वेळा सांगितला आहे.

डॉक्टरबाई : म्हणूनच, सर. सांगून सांगून तो गुळगुळीत झाला. मी त्यातून घसरून पडले.

सर : संपादक, तू तर हिच्याच तुकडीत होतास. तू सांग.

संपादक : सर, त्याला आता इतकी वर्षं झाली...

डॉक्टरबाई : सांग की. मी काही बोलत नाही.

संपादक : म्हणजे, वॉर्डात पुष्कळ जण असायचे, आणि...

डॉक्टरबाई : चहा घे.

संपादक : परिचारिका नव्हती, सर. मी पलीकडच्या खाटेपाशी उभा होतो. हिनं टाच दाखवली तेव्हा मी हसलो होतो. मला वाटलं, ही सरांवर छाप पाडायला बघतेय.

सर : तू हसला होतास.

डॉक्टरबाई : पाणी देऊ का, सर?

सर : नको. एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगतो. पहिल्या लेखात मी तुझा उल्लेख केला होता. हे मला पक्कं आठवतं.

डॉक्टरबाई : केला होतात. पहिल्या लेखात तळटिपेत माझं नाव होतं, पूर्ण. दुसऱ्यात 'एका स्थानिक अहवालानुसार' झालं. तिसऱ्यात 'आम्ही अन्यत्र दाखवल्याप्रमाणे'. चौथ्यात काहीच नव्हतं, कारण तोवर सगळे तिला तुमची परीक्षा म्हणू लागले होते.

सर : हे मी हेतुपुरस्सर केलं असं तुझं म्हणणं आहे काय?

डॉक्टरबाई : नाही. हेतू असता तर मनाला टोचणी लागून पुन्हा एखाद्या वेळी तरी नाव आलं असतं.

सर : कठोर बोलतेस. पण दुसरी बाजूही पाहा. वाद करायचा तर नीट करू. ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं. समज, ती परीक्षा तुझ्याच नावावर राहिली असती. कुठं राहिली असती? त्या वार्षिकाच्या गठ्ठ्यात. ती आज प्रत्येक वॉर्डात पोचली, ती माझ्या नावामुळे. हे तू नाकारू शकतेस?

डॉक्टरबाई : नाकारत नाही. ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं हे मात्र मी मालकाच्या तोंडूनच ऐकत आलेय. आणि सर, ती पोचली नाही. अर्धी पोचली. नाव पुसलं तेव्हा त्याबरोबर पानाची मागची बाजूही पुसली गेली. ज्याला शंका आली असती, त्यानं माझा लेख शोधला असता आणि पान उलटलं असतं. शोधणार कुणाचा? परिचारिकेचे लेख नसतात. तिच्याजवळ फक्त उपजत समज असते.

संपादक : सर, हिची मावशी नुकतीच...

डॉक्टरबाई : मावशीला मध्ये आणू नकोस. तिला पुस्तकात जागा नाही, इथंही नको.

सर : तिचं काय झालं ते न सांगताही मला कळलं. असो. आता जे उचित आहे ते करू. इतके दिवस माझ्याकडून अनवधानानं अन्याय झाला. आता जाणतेपणी होणार नाही. संपादक, हे वाक्य माझ्या नावावर घालायचं नाही. मी सही करणार नाही. हिचं नाव घाला.

संपादक : सर, ते जमणार नाही.

सर : का जमणार नाही? मी सांगतो आहे.

संपादक : हिचा लेख मान्यताप्राप्त ठिकाणचा नाही आणि ही मंडळावर नाही. नियम तुम्हीच घातलाय, सर, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी. "ऐकीव माहितीला पाठ्यपुस्तकात स्थान नको."

सर : मग मंडळाची सभा बोलाव.

संपादक : पानं संध्याकाळी जाताहेत. सभा आता पुढच्या आवृत्तीच्या वेळी.

सर : तर मग पुढच्या आवृत्तीत घाला. सन्मानपूर्वक, हिच्या नावासह. अर्धवट न्याय करण्यापेक्षा थांबलेलं बरं. मी इतका खाली नाही उतरणार की दुसऱ्यांदा तिचं श्रेय घेईन.

डॉक्टरबाई : पुढची आवृत्ती कधी?

संपादक : चार वर्षांनी. पाच धर.

डॉक्टरबाई : सर, तुमचा हा मोठेपणा मला परवडायचा नाही.

सर : मी तुझ्याच बाजूनं बोलतो आहे, मुली!

डॉक्टरबाई : तेच तर. तुम्ही माझ्या बाजूला आलात की वाक्य बाहेर पडतं. पाच वर्षं वॉर्डावॉर्डांत गार पाठींवर हात टेकवून पोरं म्हणणार, काळजी नाही. तुमचं मन स्वच्छ राहील. त्या पाठींचं काय?

सर : म्हणजे मी जाणूनबुजून असत्य लिहू? या वयात?

डॉक्टरबाई : इतकी वर्षं न जाणता लिहिलंत. एकदा जाणून लिहा. हे घ्या पेन.

सर : तुला हे चालेल?

डॉक्टरबाई : चालणार नाही. सही करा.

सर : निदान प्रस्तावनेत तुझे आभार मानू दे. संपादक, लिहून घे. "या परीक्षेच्या मुळाशी असलेल्या निरीक्षणाबद्दल डॉक्टर..." पूर्ण नाव काय गं तुझं?

डॉक्टरबाई : यालाच विचारा, सर.

सर : संपादक?

संपादक : माझ्या फोनमध्येही ही शाईच आहे, सर. थांबा, त्या तळटिपेत आहे. तिनंच लिहिलंय.

सर : ती टीप तर तू खोडली आहेस.

संपादक : खोडलेलं वाचता येतं, सर. एकच रेघ मारलीय.

डॉक्टरबाई : राहू द्या. प्रस्तावनेचा फर्मा छापून झालाय ना? तुमच्या हातात आहे, सर. 'तथापि' एकदाच आलाय.

सर : हं. खरंच की. कुठं करायची सही?

संपादक : इथं, समासात. 'व्यक्तिगत संवाद' लिहून खाली नाव. आणि तारीख.

सर : अक्षर तिरकं गेलं. हे असं चालेल?

संपादक : चालेल, सर. चला, मी तुम्हाला जिन्यापर्यंत...

सर : नको. उतरताना सोबत लागत नाही. येतो मी. शाई... नाही. येतो, डॉक्टर.

संपादक : गेले. जिन्यात थांबलेत वाटतं. बघून येऊ का?

डॉक्टरबाई : थांबू देत. एकटे आहेत तोवर बरं आहे; कुणी भेटलं की याचीही गोष्ट करून सांगतील.

संपादक : अजून एक राहिलं. सांगायला लाज वाटते, पण तपासनिसाचा शेरा लागतो. तपासनीस घरी गेला. नियमाप्रमाणे ज्यानं वाक्य लिहिलं त्यानं तपासायचं नसतं, दुसऱ्या कुणीही तपासलेलं चालतं.

डॉक्टरबाई : मग मी चालते.

संपादक : कागदोपत्री, हो.

डॉक्टरबाई : आण इकडं ते पान. काय लिहायचं असतं?

संपादक : बाकीच्यांवर लिहिलंय तेच. वाक्य कसं, संदर्भ कसा. आणि छापावं की नाही.

डॉक्टरबाई : वाक्य बरोबर. संदर्भ चूक. छापा.